चौथीच्या वर्गाचा ब्लॉग आणि त्याचं कुलूप

मुलं लिहायला लागली की त्यांना वाचक हवे असतात, आणि हल्ली वाचक म्हटलं की डोळ्यांसमोर मोबाईल येतो. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या शिक्षकांनी आणि पालकांनी याबद्दल विचारलेल्या प्रश्नांना या वेळी उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. पट ३२. मुलं मनापासून लिहितात, पण ते सगळं वहीतच राहतं. वर्गाचा ब्लॉग सुरू करायची इच्छा आहे, पण भीतीही वाटते. सुरुवात कुठून करू? (शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : भिंतीपासून करा. हस्तलिखित आणि भित्तिपत्रक आपल्या शाळांना नवं नाही, तेच चार आठवडे ब्लॉगसारखं चालवा. वर्गात सुतळी बांधा, चिमटे लावा. रोज आठ मुलांनी अर्धं पान लिहून टांगायचं, म्हणजे चार दिवसांत सगळा वर्ग होतो. बाकीच्यांनी वाचून चिठ्ठीवर प्रतिक्रिया लिहायची आणि त्या पानाखाली लावायची. ‘छान’, ‘मस्त’, ‘नाईस’ या तीन शब्दांना बंदी. चिठ्ठीत त्या लिखाणातली एक तरी गोष्ट आली पाहिजे. अडलेल्यांसाठी फळ्यावर तीन सुरुवाती लिहून ठेवा : ‘मला हे आवडलं कारण…’, ‘मला प्रश्न पडला की…’, ‘आमच्याकडेही…’.

पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट घडेल. वर्गातल्या लाडक्या मुलाच्या पानाखाली चौदा चिठ्ठ्या लागतील आणि मागच्या बाकावरच्या मुलीच्या पानाखाली एकही नसेल. मोबाईलवर लाईक मोजताना जे होतं तेच हे, फक्त इथं ते तुमच्या डोळ्यांदेखत होतं. दुसऱ्या आठवड्यापासून नियम बदला. पहिली चिठ्ठी आपल्या पुढच्या हजेरी क्रमांकाच्या पानाला, दुसरी हवी त्याला. आधीच्या आठवड्यात कसं वाटलं ते मुलांना बोलू द्या. ही चर्चा अर्धा तास चालली तरी थांबवू नका.

‘टाकलेलं परत घेता येत नाही’ हे नुसतं सांगून मुलांना कळत नाही, दाखवावं लागतं. फळ्यावर एक वाक्य लिहा, सगळ्यांना वहीत उतरवून घ्यायला सांगा, मग डस्टरनं फळा पुसा आणि विचारा, ‘गेलं का वाक्य?’ अर्धी मुलं ‘गेलं’ म्हणतात. मग त्यांची त्यांनाच वही उघडायला लावा. पाच मिनिटांचा खेळ आहे, पण फॉरवर्ड आणि स्क्रीनशॉट म्हणजे काय हे यानं पक्कं बसतं.

तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याला पूर्ण तास द्या. पुढचा उतारा फळ्यावर लिहा :

‘मी चौथी ब मध्ये आहे. आमचं घर मारुतीच्या देवळामागं आहे. बाबा दर सोमवारी पुण्याला जातात. दुपारी मी आणि ताई दोघीच घरी असतो. आमच्या मनीला तीन पिल्लं झाली. एक पिल्लू माझ्या दप्तरात झोपलं होतं.’

आता मुलांना विचारा, हे अनोळखी माणसानं वाचलं तर त्याला काय काय कळेल? वर्ग कळला, घर कळलं, बाबा कधी नसतात ते कळलं, मुली एकट्या कधी असतात तेही कळलं. अशा वाक्यांखाली लाल खडूनं रेघ मारायची. मग रेघ मारलेलं पुसून उरलेलं मोठ्यानं वाचा. मनी उरते, तीन पिल्लं उरतात, दप्तरात झोपलेलं पिल्लू उरतं, म्हणजे लिखाणातला जीव जागेवरच असतो. पुढं प्रत्येक लेख टांगण्याआधी मुलांनी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा : हे कोण कोण वाचणार? (मनीचं नाव लेखात चालेल, पण बऱ्याच घरांत मांजराचं किंवा कुत्र्याचं नावच पासवर्ड असतं. तसं असेल तर तो बदला.)

महिनाभर हे जमलं की ब्लॉगकडं वळा. ब्लॉगर ही गुगलची मोफत सोय पुरेशी आहे. खातं शाळेच्या कामासाठी वेगळं उघडा, स्वतःचं वापरू नका. उद्या तुमची बदली झाली तर ब्लॉग तुमच्या खासगी मेलबरोबर तालुका बदलून जाईल. खातं उघडताना जन्मतारीख एखाद्या जबाबदार मोठ्या माणसाचीच द्या. काही जण तिथं शाळा किंवा वर्ग सुरू झाल्याची तारीख टाकतात. ती अलीकडची असली तर गुगलच्या हिशेबात खातेदार तेरा वर्षांखालचा ठरतो आणि खातं बंद पडतं. दोन टप्प्यांची पडताळणी (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा. खातं परत मिळवण्यासाठीचा नंबर मुख्याध्यापकांचा द्या. मुलांची स्वतःची खाती काढायची गरज नाही, काढूही नका. मुलं लिहितात, टाकायचं काम तुम्ही करता.

ब्लॉगच्या नावात आणि पत्त्यात शाळा, गाव, इयत्ता नको. एखाद्या झाडाचं किंवा पाखराचं नाव घ्या. सेटिंगमध्ये चार जागा बदलायच्या. सर्च इंजिनला ब्लॉग दिसण्याची परवानगी बंद. वाचक ‘सार्वजनिक’ऐवजी निवडक, म्हणजे तुम्ही ज्यांचे मेल पत्ते घालाल तेवढेच. प्रतिक्रिया फक्त ब्लॉगच्या सदस्यांच्या. आणि प्रत्येक प्रतिक्रिया तुम्ही पाहिल्यावरच दिसेल, अशी तपासणी ‘नेहमी’वर. निवडक वाचकांची मर्यादा शंभर आहे. घरटी एक पत्ता धरला तर तुमच्या ३२ मुलांना ती पुरून उरते.

गाडी अडते ती पालकांच्या मेलवर. फोन घेताना दुकानदारानं काढून दिलेलं जीमेल असतं आणि त्याचा पत्ता घरात कुणालाच माहीत नसतो. पालकसभेत प्रत्येकाला जीमेलचं ॲप उघडायला सांगा, वर दिसणारा पत्ता कागदावर उतरवून घ्या, आमंत्रण तिथल्या तिथं पाठवा आणि त्यांच्याच हातानं उघडून घ्या. एका फोनवर दोन खाती असली तर आमंत्रण भलत्याच खात्यात उघडतं आणि ‘परवानगी नाही’ असं दिसतं. खातं बदललं की काम होतं.

मुलांची खरी नावं नकोत. प्रत्येकानं एक टोपणनाव घ्यावं : बुलबुल, राजगड, जांभूळ. त्याची यादी तुमच्या कपाटात, कागदावर ठेवा.

फोटोंत चेहरे नकोत. ब्लॉग खासगी असला तरी त्यातल्या चित्राचा थेट दुवा कुणाच्या हाती लागला तर तो परवानगीशिवाय उघडतो, म्हणून कुलूप आहे या भरवशावर चेहरे टाकू नका. हात, चित्रं, मातीची खेळणी, पाठमोरी रांग चालेल. चौकटीत आणखी काय येतंय तेही बघा : गणवेशावरचा बिल्ला, मागचा शाळेचा फलक, गाडीची नंबरप्लेट, फळ्यावरची हजेरी. वहीच्या पानाचा फोटो घेताना कोपऱ्यातल्या नावावर आधी कागदाचा तुकडा ठेवा. फोनमधल्या हायलायटरनं काळं केलेलं नाव उजेड वाढवला की पुन्हा दिसतं. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये स्थान नोंदवणं बंद ठेवा, नाहीतर फोटोच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश बसतात. सहलीचा लेख परत आल्यावर टाका, निघायच्या आधी नाही.

प्रश्न : संमतीपत्रावर पालक न वाचताच सही करतात. त्याचा उपयोग काय? (मुख्याध्यापक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : ‘शाळेच्या सर्व उपक्रमांना माझी संमती आहे’ अशा एका ओळीच्या पत्राचा उपयोग फारसा नाही. मुलांची माहिती ही हलक्यात घ्यायची गोष्ट राहिलेली नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती हा त्यातला मूळ नियम आहे.

पत्रात चार वेगळे चौकोन ठेवा : लिखाण, चित्र, आवाज, चेहरा नसलेला फोटो. आई-वडील लिखाणाला हो आणि आवाजाला नाही म्हणू शकतात, तेवढी मोकळीक द्या. संमती या शैक्षणिक वर्षापुरतीच. ती कधीही मागं घेता येईल, आणि सांगितल्यापासून दोन दिवसांत मजकूर काढला जाईल, हे लिहा. काढणार कोण तेही लिहा. पत्र पालकसभेत मोठ्यानं वाचून दाखवा. घरात मराठी वाचता न येणारे पालक असतील तर त्यांच्या भाषेत समजावणारा माणूस बसवा. उपक्रम शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मांडून ठरावात नोंदवा.

जे पालक नाही म्हणतील त्यांना कारण विचारू नका. एखादी आई मुलाला घेऊन घरातून निघून आलेली असते आणि आपण कुठं राहतो हे तिला कुणालाही कळू द्यायचं नसतं. ती हे सभेत सांगणार नाही. त्या मुलाला वर्गात एकटं पाडू नका. भिंतीवरच्या पानात तो असतोच, आणि ब्लॉगचा संपादक म्हणून लाल खडू त्याच्या हातात देता येतो.

प्रश्न : मुलगी आठ वर्षांची, तिसरीत. वर्गातल्या दोघींचं इन्स्टाग्राम आहे, म्हणून हिलाही हवंय. वय जास्त टाकून काढून दिलं आणि मी लक्ष ठेवलं तर चालेल का? (आई, ठाणे)

उत्तर : नको. इन्स्टाग्राम, फेसबुक आणि व्हॉट्सॲप, तिन्हींची अट किमान तेरा वर्षांची आहे. पण नियम मोडण्यापेक्षाही खोट्या तारखेचा तोटा मोठा आहे. आज आठ वर्षांच्या मुलीला तेरा दाखवलंत तर ती खरोखर तेराची होईल तेव्हा तिचं खातं अठराचं झालेलं असेल. तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी इन्स्टाग्राम खातं आपोआप खासगी ठेवतं आणि अनोळखी माणसांचे निरोप अडवतं. ज्या वर्षी तिला या कुंपणाची सर्वांत जास्त गरज असेल, नेमकं त्याच वर्षी ते निघून जाईल. आणि तुम्ही वीस वर्षं टाकलंत तर कुंपण मुळातच लागत नाही.

लक्ष ठेवण्याबद्दल : रील पाहताना तुम्ही शेजारी बसू शकता, पण निरोपांची पेटी रात्री अकरालाही उघडी असते.

तिला नेमकं काय हवंय हे एकदा विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘माझा नाच सगळ्यांना दाखवायचाय’ किंवा ‘त्या दोघी त्यावरच बोलतात’ असं असतं. पहिल्या गोष्टीसाठी घरच्या सहा-सात माणसांचा गट तुमच्या फोनवर करा. आजी, मामा, काकू, परगावी किंवा परदेशी असलेली आत्या. आठवड्यातून एकदा काय टाकायचं हे मुलीनं ठरवायचं, सोबतच्या दोन ओळी तिनंच लिहायच्या, टाकायचं बटण तुम्ही दोघींनी मिळून दाबायचं. आजीला आधीच सांगून ठेवा की यातलं काही पुढं पाठवायचं नाही आणि स्टेटसला लावायचं नाही. नातेवाईकांच्या कौतुकातूनच फोटो सर्वांत जास्त बाहेर जातात. दुसऱ्या गोष्टीसाठी त्या दोघींच्या आयांशी बोला. तिघींनी मिळून ठरवलं तर मुलीला एकटं पडल्यासारखं वाटणार नाही.

व्हिडिओ पाहायचेच असतील तर यूट्यूब किड्समध्ये ‘फक्त मी निवडलेलं’ हा पर्याय आहे. तो लावला की तुम्ही मंजूर केलेलीच चॅनेल दिसतात आणि शोधपट्टी बंद होते. थोडं काम पडतं, पण आठ वर्षांच्या वयाला तेच योग्य.

प्रश्न : वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर रोज शंभर मेसेज येतात आणि गृहपाठ शोधायला फोन मुलाच्याच हातात जातो. यावर काय करावं? (वडील, नागपूर)

उत्तर : शिक्षकांना एक बदल सुचवा : गटाच्या सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ हे चालू करणं. शुभ सकाळची फुलं त्या दिवशीच थांबतात. गटातल्या प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो. ते नको असेल तर व्हॉट्सॲप कम्युनिटीचा घोषणा-गट वापरावा, त्यात पालकांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. आमंत्रणाचा दुवा दर जूनमध्ये बदलावा आणि शाळा सोडून गेलेल्यांचे नंबर काढावेत.

गटावर तीन गोष्टी कधीच येऊ नयेत : आधार कार्डाचे फोटो, गुणांच्या किंवा थकीत फीच्या याद्या, आणि मुलांचे जन्मतारखेसह वाढदिवसाचे फोटो. ‘आधार गटावर टाका’ असा निरोप आला तर झेरॉक्स शाळेत नेऊन द्या. गृहपाठ तुम्ही कागदावर उतरवून मुलाच्या हातात द्या. दोन मिनिटं जातात, फोन मात्र तुमच्याकडं राहतो.

प्रश्न : दहा वर्षांच्या मुलाला गेममधल्या चॅटवर कुणीतरी ‘तुझा फोटो पाठव, घरी सांगू नको’ असं लिहिलं. मुलानं दाखवलं. आम्ही फोन काढून घेतला. पुढं काय? (पालक, कोल्हापूर)

उत्तर : आधी मुलाला सांगा की त्यानं दाखवलं हे फार चांगलं केलं. फोन काढून घेतल्यानं त्याला सांगण्याचीच शिक्षा झाल्यासारखं वाटतं, आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. फोन पुरावा म्हणून काही दिवस आपल्याकडं राहील, हे त्याला त्याच शब्दांत सांगा.

चॅट पुसू नका. समोरच्याचं वापरनाव, तारीख-वेळ आणि आधीचे निरोप दिसतील असे स्क्रीनशॉट घ्या, प्रोफाईलचा दुवा लिहून ठेवा. मुलाच्या नावानं उत्तर देऊन त्याला ‘पकडायला’ जाऊ नका. समोरचा सावध होतो आणि खातं पुसून टाकतो. हे सगळं जपून झाल्यावरच गेममध्ये तक्रार करा आणि ब्लॉक करा. मग सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर महिला व बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांच्या विभागात तक्रार नोंदवा, किंवा थेट पोलीस ठाण्यात जा. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर मदत मिळते, तातडीचा धोका असेल तर ११२. गेमच्या नादात पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करा, पैसे अडवायला पहिले काही तास मोलाचे असतात.

एका गोष्टीत मात्र चूक नको. मुलानं स्वतःचा उघडा फोटो पाठवला असेल किंवा तसा फोटो आला असेल, तर तो वर्गशिक्षकांना, काकांना, कुणालाही फॉरवर्ड करू नका, त्याची प्रतही काढू नका. मुलांचे असे फोटो पाठवणं आणि बाळगणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. फोन आहे तसा पोलिसांपुढं ठेवा. फोटो पसरण्याची भीती असेल तर ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. फोटो कुठंही अपलोड न करता फोनमध्येच त्याचा अंकी ठसा, म्हणजे तो ओळखायचा एक सांकेतिक क्रमांक, तयार होतो आणि सेवेत सहभागी संकेतस्थळं त्यावरून तो हुडकून हटवू शकतात. आणि प्रकरण शाळेच्या कानावर गेलं असेल तर शाळेलाही ते ‘आपसात मिटवता’ येत नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.

प्रश्न : मुलांचं लिखाण संगणकावर मराठीत कसं आणायचं? आणि शुद्धलेखन सुधारून टाकावं का? (शिक्षक, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाईप केलेलं ब्लॉगवर चिकटवलं तर अगम्य चिन्हं दिसतात, कारण तिथं अक्षर फक्त त्या फाँटपुरतं असतं. युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, टाईप करा. तिसरी-चौथीच्या मुलांसाठी जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डची हस्तलेखनाची सोय सोपी पडते. बोटानं अक्षर काढलं की टाईप होतं. दोघांत एक टॅब, वीस मिनिटं, पाच-सहा ओळी. याहून जास्त नको, बोट दुखतं आणि चुका वाढतात. बोलून टाईप करता येतं, पण वर्गातल्या गलक्यात शेजारच्याची वाक्यंही त्यात येतात. इनस्क्रिप्ट ही कीबोर्डवरची मराठी अक्षरांची मांडणी शिकवायचीच असेल तर पाचवीपासून.

सुधारणेबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. ‘मायनं मले भाकर देल्ली’ हे वाक्य चूक नाही, वऱ्हाडी आहे. ते तसंच जाऊ द्या. जिथं ऱ्हस्व-दीर्घानं अर्थ बदलतो, ‘दिन’चं ‘दीन’ होतं, तिथं मुलाला जवळ बसवून त्याच्याच हातानं दुरुस्त करा. गुरुजींनी रात्रीतून गुळगुळीत केलेला लेख सकाळी मूल वाचतं, आणि तो आपला आहे असं त्याला वाटत नाही.

प्रश्न : वार्षिक परीक्षेनंतर ब्लॉगचं काय करायचं? मुलं पाचवीत दुसऱ्या शाळेत जाणार. (शिक्षिका, उत्तर गोवा)

उत्तर : बंद करायचा. आधी सेटिंगमधून बॅकअप घ्या, एक फाईल उतरते. ती शाळेच्या संगणकावर ठेवा, पेनड्राईव्हवर बरोबर नेऊ नका. सगळे लेख छापून प्रत्येक मुलाला त्याच्या लेखांची शिवलेली वही द्या. मुखपृष्ठावर आता टोपणनावाखाली खरं नाव मुलानं स्वतः लिहू दे, ही प्रत घरची आहे. मग ब्लॉग हटवा. हटवल्यापासून नव्वद दिवस तो परत आणता येतो, तेवढ्यात कुणाचा लेख वहीत राहून गेल्याचं कळलं तर तो शोधून द्या. जूनमध्ये नव्या वर्गासाठी नवं झाड किंवा नवं पाखरू निवडा, आणि पुन्हा सुतळी-चिमट्यांपासून सुरुवात करा.